दोरा, ओळंबा आणि घड्याळ : गुरुत्वीय त्वरण घरी मोजण्याची रीत

पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ मोकळी सोडलेली वस्तू दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वेग नव्याने मिळवते (यालाच गुरुत्वीय त्वरण म्हणतात), हे शाळेपासून सर्वांना पाठ असते आणि हे पाठांतरच प्रयोगाच्या आड येते. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे अनेक प्रयोगवह्यांत निरीक्षणे उत्तराकडून उलटी लिहिली जातात, गुणही पूर्ण मिळतात, आणि भौतिकशास्त्रज्ञ प्रत्यक्षात काय करतो याचा पत्ता मात्र लागत नाही. तो समोरच्या वस्तूतील बहुतेक गोष्टी जाणूनबुजून सोडून देतो, उरलेल्यांचे गणित मांडतो, आणि सोडलेल्या गोष्टी सोडणे खरोखर परवडले की नाही, हे मोजून तपासतो. या लेखात हे काम साध्या लंबकावर प्रत्यक्ष करून दाखवले आहे. ज्याला दोरा बांधता येतो आणि वर्गमूळ काढता येते, त्याला एका सुटीच्या दिवशी हा प्रयोग पूर्ण करता येईल.

सामान फारसे लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गवंड्याचा ओळंबा, गवंडी वापरतात तीच बारीक नायलॉनची लाइनदोरी, स्टीलचा मेजरटेप, मोबाइलमधील स्टॉपवॉच, आलेख कागद आणि लाकडाच्या दोन छोट्या सपाट पट्ट्या एवढे पुरे. प्रयोगशाळेत गोल धातूचा गोळा देतात, पण येथे ओळंबा मुद्दाम निवडला आहे. त्याचा आकार निमुळता असल्याने त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू, नेमका कोठे आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि जे ठाऊक नाही त्याच्यासह अचूक मोजमाप कसे करावे, हाच या विषयातील सर्वांत उपयोगी धडा आहे.

प्रतिमान : काय ठेवायचे, काय सोडायचे

टांगलेला ओळंबा हलतो तेव्हा पुष्कळ काही घडत असते. दोरा किंचित ताणला जातो, हवा अडवते, ओळंबा स्वतःभोवती थोडा पिळतो आणि वरची पट्टीही सूक्ष्म प्रमाणात डुलते. यांतील प्रत्येक गोष्टीचे समीकरण मांडू पाहिले तर आयुष्य अपुरे पडेल. म्हणून आपण एक काल्पनिक वस्तू उभी करतो. तिचा दोरा वजनहीन आणि न ताणणारा आहे, तिचे सगळे वस्तुमान एकाच बिंदूत साठवलेले आहे, हवा नाही, टांगण्याचा बिंदू अढळ आहे आणि झोका लहान आहे. या काल्पनिक वस्तूला साधा लंबक म्हणतात, आणि खऱ्या वस्तूचे असे सोपे केलेले रूप म्हणजे तिचे प्रतिमान. तो कोठेही अस्तित्वात नाही, पण त्याचे गणित सुटते.

हे गणित सोडवण्याआधी एक काम करावे, जे पाठ्यपुस्तके बहुधा पहिल्या प्रकरणात उरकतात आणि नंतर विसरतात. ते म्हणजे मितींचा हिशेब, म्हणजे एककांचा मेळ घालून पाहणे. लंबकाला एक पूर्ण फेरी करण्यास लागणारा वेळ, म्हणजे आवर्तकाल, कशाकशावर अवलंबून असू शकेल? गोळ्याचे वस्तुमान, दोऱ्याची लांबी आणि गुरुत्वीय त्वरण हे तीन उमेदवार आहेत. वस्तुमानाचे एकक किलोग्रॅम, लांबीचे मीटर आणि त्वरणाचे मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. या तिघांच्या गुणाकार-भागाकारातून निव्वळ सेकंद उरले पाहिजेत. किलोग्रॅम एकट्या वस्तुमानात आहे, त्याला छेद देणारे दुसरे काही नाही, तेव्हा वस्तुमानाला सूत्रात जागाच नाही. मीटर नाहीसे व्हावेत यासाठी लांबीला त्वरणाने भागावे लागते, त्यातून सेकंदांचा वर्ग उरतो आणि त्याचे वर्गमूळ घेतले की सेकंद मिळतात. म्हणजे आवर्तकाल हा ‘लांबी भागिले त्वरण’ याच्या वर्गमुळाच्या पटीत असला पाहिजे. कोणतेही बल न मांडता, एकही आकृती न काढता आपल्याला दोन भाकिते मिळाली : ओळंबा जड असो वा हलका, वेळ तोच लागेल, आणि दोरा चौपट केला तर वेळ दुप्पट होईल.

मितींचा हिशेब जे सांगू शकत नाही तेही लक्षात ठेवावे. वर्गमुळाला कोणत्या संख्येने गुणायचे, हे त्यातून कळत नाही, कारण शुद्ध संख्येला एकक नसते. त्याच कारणाने झोक्याच्या कोनाबद्दलही तो मौन बाळगतो. ती संख्या गतीचे समीकरण सोडवून मिळते आणि लहान झोक्यासाठी ती २ × पाय (π), म्हणजे सुमारे ६.२८ येते. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ साली पहिले लंबकाचे घड्याळ बनवले आणि १६७३ साली लंबकावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा संबंध पक्का झाला. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की आपल्या कामाचे सूत्र असे होते :

आवर्तकालाचा वर्ग = ३९.४८ × लांबी ÷ गुरुत्वीय त्वरण

येथे ३९.४८ हे ४ × पाय² चे मूल्य आहे. सूत्र हाती आल्याबरोबर त्यात ढोबळ आकडे घालून पाहण्याची सवय लावून घ्यावी. एक मीटर दोरा आणि ९.८ त्वरण घेतल्यास वर्ग सुमारे ४ येतो, म्हणजे आवर्तकाल साधारण २ सेकंद. एक बाजू गाठायला एक सेकंद. या सोयीमुळेच अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये नव्या मापपद्धतीची आखणी चालू असताना, सेकंदाला एक बाजू गाठणाऱ्या लंबकाची लांबी हाच मीटर मानावा, असा प्रस्ताव पुढे आला होता. १७९१ साली तो मागे पडला आणि पृथ्वीच्या रेखावृत्तावर आधारलेला मीटर निवडला गेला. लंबकाची ही लांबी गावोगावी बदलते, ही त्याची मोठी अडचण होती. तिच्याकडे पुढे येऊ.

सोडलेल्या गोष्टींची किंमत

प्रतिमान मांडले म्हणजे सोडलेल्या गोष्टी विसरायच्या, असा अर्थ नाही. प्रत्येकीची किंमत आधी अंदाजावी, आणि त्यासाठी आपल्याला किती अचूकता हवी आहे हे ठरवावे. घरच्या सामानात अर्ध्या टक्क्याच्या आसपास पोचणे शक्य आहे, म्हणून तेच उद्दिष्ट धरू. आता एकेक गोष्ट घ्यावी.

हवेचा उत्प्लावक, म्हणजे वस्तूला वर उचलण्याचा, परिणाम हवेची घनता आणि पोलादाची घनता यांच्या गुणोत्तराइतका, म्हणजे सुमारे १.२ भागिले ७,८५० इतका असतो. तो ०.०१५ टक्के होतो आणि सोडून देता येतो. दोऱ्याचे वजन ओळंब्याच्या हजाराव्या भागाइतके असेल, तर आवर्तकालाच्या वर्गात त्याचा परिणाम एक भागिले सहा हजार, म्हणजे ०.०२ टक्क्याहून कमी होतो. तोही सोडावा. दोन सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्याला बिंदू मानण्याची चूक एक मीटर दोऱ्यासाठी ०.०१६ टक्के आहे. मात्र दोरा ४० सेंटिमीटर असेल तर तीच चूक ०.१ टक्क्यापर्यंत वाढते, म्हणून फार आखूड दोरे टाळावेत.

खरी सावधगिरी झोक्याच्या कोनाबाबत हवी. कोन वाढला की आवर्तकाल वाढतो. ५ अंशांना ही वाढ ०.०५ टक्के, १० अंशांना ०.१९ टक्के आणि २० अंशांना ०.७७ टक्के असते. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्याने त्वरणात ही चूक दुप्पट होऊन उतरते, म्हणजे २० अंशांचा झोका एकटाच दीड टक्का खाऊन टाकतो. यावर साधा नियम असा की, ओळंबा बाजूला ओढताना दोऱ्याच्या लांबीच्या बाराव्या भागाहून जास्त ओढू नये. एक मीटर दोऱ्याला हे अंतर आठ सेंटिमीटर येते आणि कोन ५ अंशांच्या आत राहतो. डोळ्यांना हा झोका फारच छोटा वाटतो, आणि बहुतेक लोक हौसेने मोठा झोका देतात.

हे पाच-सहा आकडे कागदावर मांडायला अर्धा तास लागतो. मला स्वतःला प्रयोगाचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण श्रम कोठे खर्चायचे आणि कोठे नाही हे येथे ठरते. हवेच्या अडथळ्याची चिंता करत बसणारा आणि २० अंशांचा झोका देणारा विद्यार्थी मी पुष्कळदा पाहिला आहे.

मांडणी

दोरा खिळ्याला गुंडाळून टांगू नये. ओळंबा एका बाजूला गेला की दोरा खिळ्याच्या एका कडेवर टेकतो, दुसरीकडे गेला की दुसऱ्या कडेवर, त्यामुळे लांबी झोक्यागणिक बदलत राहते. त्याऐवजी दोरा दोन लाकडी पट्ट्यांच्या सपाट कडांमध्ये घट्ट दाबून धरावा आणि पट्ट्या क्लॅम्पने किंवा स्क्रूने आवळाव्यात. शाळेच्या प्रयोगशाळेत चिरलेल्या बुचात दोरा धरतात, त्यामागेही हेच कारण आहे. पट्ट्यांची खालची कड हा टांगणबिंदू होतो आणि तो स्पष्ट दिसतो. पट्ट्या दाराच्या चौकटीच्या वरच्या आडव्या भागाला किंवा भिंतीतील भक्कम फळीला बसवाव्यात. टेबलाच्या कडेला लावलेला हलका स्टँड चालणार नाही. ओळंब्याबरोबर तोही डुलतो आणि आवर्तकाल गुपचूप वाढवतो. ओळंबा झुलत असताना आधाराला बोट लावून पाहावे, थरथर जाणवली तर आधार बदलावा.

ओळंब्याच्या मागे, तो स्थिर असताना दोरा जेथे येतो तेथे, खडूने किंवा चिकटपट्टीने एक उभी रेघ आखावी. पंखा बंद करावा आणि खिडकी लावून घ्यावी.

लांबी मोजणे

ओळंबा टांगलेला असतानाच लांबी मोजावी, म्हणजे दोऱ्याचा ताण मोजमापात आपोआप धरला जातो. शिंप्याचा कापडी टेप वापरू नये, जुना झाला की तो लांबतो. स्टीलच्या मेजरटेपच्या टोकाचा धातूचा हूक किंचित पुढेमागे सरकतो. हा बिघाड नाही. टोक अडकवून मोजले काय किंवा टेकवून मोजले काय, हुकाच्या स्वतःच्या जाडीइतका फरक पडू नये, यासाठी तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. तरीही जुन्या टेपवर भरवसा नसेल तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजून १० वजा करणे चांगले, आणि एकदा तो टेप चांगल्या धातूच्या पट्टीशी ताडून पाहावा.

आता मुख्य अडचण येते. सूत्रातील लांबी म्हणजे टांगणबिंदूपासून ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर, आणि गुरुत्वमध्य तर धातूच्या आत आहे. आपण फक्त पट्टीच्या कडेपासून दोरा ओळंब्यात शिरतो त्या टोकापर्यंतची लांबी मोजू शकतो. हिला दोऱ्याची लांबी म्हणू. त्या टोकाच्या खाली गुरुत्वमध्य किती आहे ते अज्ञात राहिले तरी चालेल, फक्त ते सर्व मोजमापांत सारखेच राहिले पाहिजे. म्हणून दोरा नेहमी वरून, पट्ट्यांमधून ओढून कमीजास्त करावा, ओळंब्याकडील गाठ सोडू नये. ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंटिमीटर अशा पाच लांब्या घ्याव्यात. एकाच लांबीवर शंभर वेळा मोजण्यापेक्षा पाच लांब्यांवर थोड्या वेळा मोजणे अधिक शहाणपणाचे आहे, याचे कारण आकडे पाहिल्यावर उघड होईल.

वेळ मोजणे

मोबाइलचे स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते, पण अंगठा तितका चपळ नसतो. बटण दाबण्यास माणसाला साधारण ०.२ सेकंद उशीर होतो. सुरुवातीला आणि शेवटी हा उशीर सारखाच झाला असता तर तो वजाबाकीत गेला असता. अडचण त्याच्या कमीजास्त होण्याची आहे, आणि हा चढउतार ०.१ सेकंदापर्यंत सहज जातो. एकच दोलन, म्हणजे एक पूर्ण फेरी, मोजले तर दोन सेकंदांत ०.१, म्हणजे ५ टक्के अनिश्चितता येते. २० दोलने मोजली तर तोच ०.१ सेकंद ४० सेकंदांत वाटला जातो आणि अनिश्चितता पाव टक्क्यावर येते. यंत्र तेच, अंगठा तोच, फक्त मोजण्याची रीत बदलली.

मोजताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, ओळंबा सोडल्याबरोबर घड्याळ सुरू करू नये, चार-पाच झोके जाऊ द्यावेत. दुसरी, झोक्याच्या टोकाला नव्हे तर मधल्या रेघेपाशी बटण दाबावे. टोकाला ओळंबा क्षणभर रेंगाळतो आणि नेमका कोणता क्षण धरावा हे डोळ्याला कळत नाही, मध्ये मात्र तो सर्वांत वेगाने जातो आणि रेघ स्पष्टपणे ओलांडतो. तिसरी, ओळंबा डावीकडून उजवीकडे रेघ ओलांडत असताना घड्याळ सुरू करताना तोंडाने ‘शून्य’ म्हणावे आणि त्याच दिशेने पुढच्या वेळी ओलांडल्यावर ‘एक’. ‘एक’ म्हणून सुरुवात करणाऱ्याची वीस दोलने प्रत्यक्षात एकोणीसच भरतात आणि उत्तरात दहा टक्क्यांची चूक शिरते.

प्रत्येक लांबीवर असे पाच वेळा मोजावे आणि पाचही आकडे शाईने, खाडाखोड न करता लिहावेत. उदाहरणादाखल १०० सेंटिमीटरसाठी हे आकडे घेऊ : ४०.५८, ४०.७१, ४०.६३, ४०.७४ आणि ४०.५९ सेकंद. त्यांची सरासरी ४०.६५ येते. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज करावी, तिला ४ ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. ते ०.०७ सेकंद येते. एका मोजमापाचा हा विखुरलेपणा झाला. पाच मोजमापांच्या सरासरीचा विखुरलेपणा याहून कमी, म्हणजे ०.०७ भागिले पाचचे वर्गमूळ, सुमारे ०.०३ सेकंद असतो. मोजमापे चौपट केली तरच तो निम्मा होतो, म्हणून एका मर्यादेपलीकडे नुसते मोजत राहणे तोट्याचे ठरते.

वेगळा दिसणारा आकडा काढून टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ‘त्या वेळी दाराची घंटा वाजली’ असे कारण त्याच क्षणी वहीत लिहिलेले असेल तरच तो काढावा.

आकडे बोलू लागतात तेव्हा

पाचही लांब्यांसाठी २० दोलनांचा सरासरी वेळ, एका दोलनाचा वेळ आणि त्याचा वर्ग असा तक्ता तयार करावा. उदाहरणाचे आकडे पुढीलप्रमाणे घेऊ :

४० सेंमी : २६.२० सेकंद, १.३१००, वर्ग १.७१६
६० सेंमी : ३१.७० सेकंद, १.५८५०, वर्ग २.५१२
८० सेंमी : ३६.५० सेकंद, १.८२५०, वर्ग ३.३३१
१०० सेंमी : ४०.६५ सेकंद, २.०३२५, वर्ग ४.१३१
१२० सेंमी : ४४.५५ सेकंद, २.२२७५, वर्ग ४.९६२

घाईत असलेला माणूस प्रत्येक ओळीतून थेट त्वरण काढील : ३९.४८ गुणिले दोऱ्याची लांबी, भागिले वर्ग. तसे केल्यास अनुक्रमे ९.२०, ९.४३, ९.४८, ९.५६ आणि ९.५५ अशी उत्तरे येतात. यांची सरासरी काढून ९.४४ लिहून मोकळे होणे ही मोठी चूक ठरेल. हे आकडे एका मूल्याभोवती विखुरलेले नाहीत. शेवटचा किंचित अपवाद सोडता, आखूड दोऱ्याकडून लांब दोऱ्याकडे जाताना ते चढत गेले आहेत. गुरुत्वाकर्षण दोऱ्याच्या लांबीनुसार बदलत नाही, तेव्हा हा चढ आपल्या हिशेबातून आला आहे. येथे दोन प्रकारच्या त्रुटींतील भेद डोळ्यांना दिसतो. अंगठ्याची त्रुटी यादृच्छिक असते, कधी इकडे कधी तिकडे, आणि सरासरीने ती कमी होते. गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर विसरण्याची त्रुटी पद्धतशीर असते, ती प्रत्येक वेळी एकाच दिशेने ओढते आणि हजार वेळा मोजले तरी हलत नाही. एकाच लांबीवर मोजणाऱ्याला तिचा सुगावाही लागला नसता. पाच लांब्या घेतल्याचा फायदा तो हाच.

उपाय आलेखात आहे. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी मीटरमध्ये आणि उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग घ्यावा. आवर्तकाल तसाच घेतला तर वक्र मिळतो, आणि वक्र बरोबर आहे की नाही हे डोळ्याला ओळखता येत नाही. वर्ग घेतला की प्रतिमानानुसार सरळ रेषा मिळायला हवी, आणि पट्टी लावून सरळपणा कोणालाही तपासता येतो. खरी लांबी म्हणजे दोरा अधिक एक अज्ञात अंतर असल्यामुळे रेषा शून्यातून जाणार नाही, उभ्या अक्षाला थोडी वर छेदेल. पण रेषेचा चढ त्या अज्ञात अंतरावर मुळीच अवलंबून नाही. तो फक्त ३९.४८ भागिले गुरुत्वीय त्वरण इतकाच असतो. ज्याची माहिती नव्हती ते सगळे छेदबिंदूत जमा झाले आणि जे हवे होते ते चढात मोकळे मिळाले.

आलेख कागदावर सर्व बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा पारदर्शक पट्टीने काढावी, किंवा एक्सेलसारख्या कार्यक्रमात लघुतम वर्गांच्या रीतीने (बिंदूंच्या रेषेपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवून) काढावी. वरील आकड्यांवरून चढ ४.०५५ आणि उभ्या अक्षावरील छेद ०.०८६ येतो. त्वरण = ३९.४८ ÷ ४.०५५ = ९.७४ मीटर प्रति सेकंद वर्ग. छेदाला चढाने भागले की अज्ञात अंतर मिळते : ०.०२१ मीटर, म्हणजे २.१ सेंटिमीटर. हा आकडा स्वतंत्रपणे तपासता येतो. ओळंबा दोऱ्यातून सोडवावा, आडवा धरून पट्टीच्या धारेवर तोलावा आणि तोल सांभाळला जातो त्या जागेपासून वरच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. ते २ सेंटिमीटरच्या आसपास आले तर प्रतिमानावरचा विश्वास वाढतो, ४ आले तर कोठेतरी घोटाळा आहे. सहसा लांबी मोजताना पट्टीची चुकीची कड धरलेली असते.

अनिश्चितता लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही

९.७४ हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. तो ९.७४ अधिक-उणे ०.०१ असेल तर अर्थ वेगळा, अधिक-उणे ०.५ असेल तर वेगळा. अनिश्चितता दोन बाजूंनी काढता येते, आणि दोन्ही जुळल्या तर आपण आपल्या उपकरणांना नीट ओळखतो असे समजावे.

पहिली बाजू उपकरणांची. वेळेतील ०.०३ सेकंद म्हणजे ४०.६५ च्या ०.०८ टक्के, वर्गात दुप्पट म्हणजे ०.१६ टक्के, म्हणजे ४.१३ पैकी सुमारे ०.००७. लांबी २ मिलिमीटरपर्यंत चुकू शकते असे मानले, तर चढाने गुणून ०.००८. या दोन त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, दोन्ही एकाच वेळी एकाच बाजूला पूर्ण ताकदीने पडण्याची शक्यता कमी, म्हणून त्यांची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. ते ०.०१ येते. दुसरी बाजू आलेखाची. प्रत्येक बिंदू रेषेपासून उभ्या दिशेने किती दूर आहे ते पाहावे. वरील उदाहरणात हे फरक अनुक्रमे +०.००८, –०.००७, ०.०००, –०.०१० आणि +०.००९ आहेत, म्हणजे विखुरलेपणा ०.०१ च्याच घरात आहे. दोन्ही बाजू जुळल्या. फरकांच्या चिन्हांत एखादी कमान दिसते का, तेही पाहावे. दोन्ही टोके वर आणि मधले सगळे खाली असे ठळकपणे दिसले तर प्रतिमानच अपुरे आहे. येथे मधला बिंदू रेषेवरच बसला आहे, पण पाच बिंदूंवरून याहून ठाम बोलणे योग्य नाही.

या विखुरलेपणातून चढाची अनिश्चितता ०.०१६, म्हणजे ०.४ टक्के येते. एक्सेल ती थेट देते. हाताने काढायची असल्यास बिंदूंमधून शक्य तितकी उभी आणि शक्य तितकी आडवी अशा दोन रेषा ओढून त्यांच्या चढांतील फरकाचा अर्धा भाग घ्यावा. तेव्हा उत्तर असे लिहावे : ९.७४ ± ०.०४ मीटर प्रति सेकंद वर्ग. गणकयंत्रात दिसणारे ९.७३६१ लिहू नये, अनिश्चितता दुसऱ्या दशांश स्थानात असताना चौथे स्थान लिहिण्याला अर्थ नाही.

उत्तर ताडून पाहणे

हे उत्तर कशाशी ताडायचे? पुस्तकातील ९.८०६६५ शी नव्हे. तो आकडा १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने व्यवहारासाठी ठरवून दिलेला आहे, तो कोणा गावाचे मोजमाप नाही. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला त्वरण सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ असते. महाराष्ट्र आणि गोव्यात ते ९.७८ ते ९.७९ यांच्या दरम्यान पडते. युरोपी पुस्तकांतून आलेले ९.८१ आपल्याकडे मुळात लागूच नाही, तरी प्रयोगवह्यांत तेच ‘बरोबर उत्तर’ म्हणून मिरवते. आपले ९.७४ हे स्थानिक मूल्याहून ०.०४ ते ०.०५ ने कमी आहे, म्हणजे एका अनिश्चिततेपेक्षा किंचित जास्त. अशी तफावत अगदी सामान्य आहे, प्रत्येक तीन प्रयोगांपैकी साधारण एकात ती एका अनिश्चिततेपेक्षा जास्त येतेच. तीन-चार पट असती तर मात्र कारण शोधावे लागले असते.

ज्यां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ साली दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. अडीच मिनिटे म्हणजे दिवसाच्या ०.१७ टक्के, त्वरणात सुमारे ०.३५ टक्के. न्यूटनने पुढे या निरीक्षणाचा उपयोग पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे या आपल्या मताच्या पुष्टीसाठी केला. आपल्या दाराच्या चौकटीतील लंबकाची अनिश्चितता ०.४ टक्के आहे, म्हणजे हा फरक आपल्याला दिसला नसता. रिशेला तो दिसला, कारण त्याचे घड्याळ वीस नव्हे तर दिवसभरात हजारो दोलने मोजत होते आणि तो ती ताऱ्यांच्या भ्रमणाशी ताडत होता. भारतातही सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन जेम्स बेसेव्ही याने १८६५ पासून देशभर लंबक नेऊन अशी मोजमापे केली आणि हे काम चालू असतानाच १८७१ साली लडाखच्या उंच पठारावर त्याचा मृत्यू झाला. हिमालयाच्या एवढ्या मोठ्या वस्तुमानाकडे पाहता अपेक्षित होते त्याहून गुरुत्व तेथे कमी भरते, हे अशा मोजमापांतून पुढे आले. महाबळेश्वर आणि मुंबई यांच्यातील फरक ०.०५ टक्क्याच्या आत आहे. तो पकडल्याचा दावा कोणी दोरा-ओळंब्याने केला तर त्याची अनिश्चितता आधी विचारावी.

शेवटी, मांडणी मोडण्यापूर्वी एक जादा मोजमाप करून घ्यावे. प्रतिमानातून आपण मोठ्या झोक्याला वगळले होते. ते वगळणे आवश्यक होते का, हे पाहण्यासाठी १०० सेंटिमीटर दोऱ्यावर ओळंबा ४० अंशांपर्यंत ओढावा, म्हणजे आडवे अंतर सुमारे ६५ सेंटिमीटर होईल. झोका हळूहळू कमी होत असल्याने वीसऐवजी दहाच दोलने मोजावीत. लहान झोक्याला दहा दोलनांना २०.३ सेकंद लागतात. सिद्धांत सांगतो की ४० अंशांना ३.१ टक्के जास्त, म्हणजे २०.९५ सेकंदांच्या जवळपास लागतील, आणि झोका कमी होत गेल्याने प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. अर्ध्या सेकंदाचा हा फरक अंगठ्याच्या चुकीच्या कितीतरी पट मोठा आहे. झोका कितीही मोठा असला तरी वेळ तोच लागतो, असे गॅलिलिओचे मत होते. ते कोठपर्यंत खरे आणि कोठून खोटे, हे १०, २०, ३० आणि ४० अंशांवर मोजून त्याच वहीच्या पुढच्या पानावर आलेखात मांडता येईल. आडव्या अक्षावर कोनाचा वर्ग घ्यावा, म्हणजे रेषा पुन्हा जवळजवळ सरळ येईल.